मन्नारच्या आखातातील राष्ट्रीय सागरी उद्यान

मन्नारच्या आखातातील राष्ट्रीय सागरी उद्यान : तमिळनाडू राज्याच्या आग्नेय किनाऱ्यालगतचे संरक्षित द्वीपक्षेत्र. क्षेत्रफळ ५६० चौ. किमी. रामेश्वरमजवळील मंडपमपासून तूतुकुडीपर्यंत (तुतिकोरिन) सु. १४० किमी. लांबीच्या पट्ट्यात, किनाऱ्याला जवळजवळ समांतर अशी पसरलेली २१ निर्जन बेटे व त्यांभोवतालचा उथळ समुद्र यांचा उद्यानात समावेश होतो. मंडपम (७ बेटे), कीळक्करै (७), वेंबार (३) व तूतुकुडी (४) असे या बेटांचे चार गट केले जातात. तमिळनाडू शासनाने १९८६ मध्ये हे उद्यान घोषित केले. उद्यान गाभ्याशी ठेवून १९८९ मध्ये सु. १०,५०० चौ. किमी. क्षेत्राचे जीवावरण राखीव क्षेत्र स्थापन करण्यात आले आणि २००१ मध्ये युनेस्कोने त्याचा आपल्या जागतिक जालकात अंतर्भाव केला. या क्षेत्रातून वनस्पती व प्राणी यांच्या ३,६०० हून अधिक जाती नोंदविण्यात आल्या आहेत.

बेटे सखल असून भरतीच्या पाण्यापेक्षा फारशी उंच नाहीत. त्यांची माती म्हणजे मुख्यतः प्रवाळांचा चुरा, शंखशिंपल्यांचे तुकडे व वाळू. येथे खडकाच्या आधाराने बेट उभे राहिलेले नसून प्रवाळभित्तीच्या आधाराने वाळू साचली व ती वनस्पतींनी धरून ठेवली, असा क्रम आहे. बहुतेक बेटांभोवती अनुतट प्रकारची भित्ती आहे. समुद्राकडून येणारी लाट भित्तीवर फुटते आणि तिचा जोर ओसरल्यावरच ती पुळणीपर्यंत पोहोचते. बेटाचा आकार व अस्तित्व या अदृश्य बांधावर अवलंबून असते. त्यामुळे या उद्यानातील प्रवाळ हा प्रेक्षणीय जीवसमूह तर आहेच, पण त्याआधी तो भूमीचा पाया आहे.

प्रवाळ : कठीण प्रवाळांच्या सु. ११७ जाती येथून नोंदविल्या गेल्या आहेत. फांद्यांसारखे वाढणारे ॲक्रोपोरा, पत्र्यांसारखे पसरणारे माँटिपोरा आणि घुमटासारखे, सावकाश वाढणारे पोराइटीझ हे वंश सर्वत्र आढळतात. फांद्यांचे प्रवाळ लवकर वाढतात, पण उष्णतेच्या व लाटांच्या आघातात तेच आधी नष्ट होतात. घुमटाकार प्रवाळ अधिक टिकाव धरतात. प्रवाळांच्या ऊतींत सूक्ष्म शैवले सहजीवनाने राहतात व प्रकाशसंश्लेषणाने तयार केलेल्या अन्नाचा मोठा वाटा यजमानाला देतात. त्यामुळे प्रवाळांना स्वच्छ, प्रकाशित व उथळ पाणी लागते. पाण्यात गाळ वाढला की त्यांची उपासमार सुरू होते.

भित्तीच्या फटींत व मृत प्रवाळांच्या पोकळ्यांत स्पंज, बहुशूकी कृमी, खेकडे, शेवंडे, तारामीन, समुद्रकाकड्या व नाना रंगांचे मासे राहतात. कुरुसडै या लहानशा बेटाची ख्याती प्राणिविज्ञानाच्या विद्यार्थ्यांत विशेष आहे. पृष्ठवंशी प्राण्यांशी दूरचे नाते सांगणारा, वाळूत बिळे करून राहणारा बॅलॅनोग्लॉसस गटातील कृमिसदृश प्राणी (टायकोडेरा फ्लाव्हा) तेथील वाळूत मिळतो. या बेटाच्या किनारी प्राणिजातीवर मद्रासच्या शासकीय संग्रहालयाने १९२७ मध्ये स्वतंत्र पुस्तिका प्रसिद्ध केली.

समुद्रतृणे व समुद्रगाय : बेटे व मुख्य किनारा यांमधील शांत, उथळ पाण्याच्या तळाशी समुद्रतृणांची कुरणे पसरलेली आहेत. ही शैवले नव्हेत. त्यांना खरी मुळे, पाने व फुले असतात आणि बहुतेकांचे परागण पाण्यातच होते. सायमोडोसिया, थॅलॅसिया, सिरिंगोडियम, हॅलोफायला, हॅलोड्यूल व एनहॅलस हे सहाही वंश येथे आढळतात. त्यांची आडवी खोडे तळाचा गाळ बांधून ठेवतात. हे काम प्रवाळांच्याही हिताचे असते, कारण बांधलेला गाळ भित्तीवर जाऊन बसत नाही. कोळंबी व अनेक माशांची पिले याच कुरणांत वाढतात.

या कुरणांवर पूर्णतः अवलंबून असलेला प्राणी म्हणजे समुद्रगाय (ड्यूगाँग ड्यूगॉन). तमिळ कोळी तिला ‘कडल पसु’ किंवा ‘आवुळिया’ म्हणतात. सु. तीन मी. लांबीचा हा सस्तन प्राणी दिवसाकाठी ३०–४० किग्रॅ. गवत मुळासकट उपटून खातो. तो चरून गेल्यावर तळाशी नागमोडी रिकाम्या वाटा उरतात व त्यांवर नवे गवत उगवते. मादीचा गर्भावधी एक वर्षाहून अधिक असून तिला एका वेळी एकच पिलू होते व दोन वितींत काही वर्षांचे अंतर असते. अशा संथ प्रजोत्पादनामुळे थोडीशीही हत्या भरून निघत नाही. मांसासाठी झालेली शिकार, जाळ्यांत गुदमरून येणारे मरण व यांत्रिक बोटींच्या ओढजाळ्यांनी खरवडली गेलेली कुरणे यांमुळे एकेकाळी येथे कळपांनी दिसणारी समुद्रगाय दुर्मिळ झाली आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने तिला पूर्ण संरक्षण दिले. २०२२ मध्ये शेजारच्या पाल्कच्या उपसागरात ४४८ चौ. किमी.चे, समुद्रगायीसाठी देशातील पहिले संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झाले. हिरवी कासवेही याच गवतावर चरतात. त्यांखेरीज ऑलिव्ह रिडले, हॉक्सबिल इ. जातींची कासवे आखातात येतात.

बेटांवरील वनस्पती व पक्षी : काही बेटांच्या दलदलीच्या कडांना तिवर, कांदळ इत्यादींची कच्छवने आहेत. पुळणीवर मर्यादवेल, आतील भागात केवडा व पारसपिंपळ आढळतात. प्रवाळखडकावर वाढणारे पेम्फिस ॲसिड्यूला हे काटक झुडूप केवळ येथलेच, असे वर्णन अनेक पुस्तकांत आढळते. परंतु ते बरोबर नाही. हे झुडूप पूर्व आफ्रिकेपासून पॅसिफिक बेटांपर्यंतच्या किनाऱ्यांवर आहे. बाहेरून आलेल्या वेड्या बाभळीने मात्र अनेक बेटांवर स्थानिक झाडोऱ्याची जागा घेतली आहे. हिवाळ्यात तुतवार, चिखल्या, कुरव व सुरय हे पक्षी मोठ्या संख्येने येतात. मनोली बेटाचे ओहोटीत उघडे पडणारे तळ त्यांना विशेष मानवतात.

मानवी उपयोग व ऱ्हास : हे आखात प्राचीन काळापासून मोत्यांसाठी प्रसिद्ध होते. तूतुकुडीजवळच्या कालवांच्या थरांवर शासनाच्या देखरेखीखालील शेवटची मोती-मासेमारी १९६१ मध्ये झाली. येथले शंख बंगालमध्ये बांगड्यांसाठी जात. वाळविलेल्या समुद्रकाकड्यांची पूर्वेकडील देशांत निर्यात होई. २००१ मध्ये समुद्रकाकड्यांना व प्रवाळांना कायद्याने पूर्ण संरक्षण मिळाले आणि हा व्यापार बेकायदा ठरला.

सर्वांत खोल जखम प्रवाळांच्या खाणकामाने केली. चुन्यासाठी व बांधकामासाठी भित्तीचे दगड अनेक दशके नावांत भरून नेले जात. तूतुकुडी गटात हे काम विशेष जोरात होते. पूवरसनपट्टी व विलांगुशल्ली ही दोन बेटे आता पाण्याखाली गेली असून त्याचे प्रमुख कारण खाणकाम हेच मानले जाते. बेटांची संख्या कागदावर अजूनही २१ लिहिली जाते. तूतुकुडी बंदराजवळचे वान बेटही झिजून लहान झाले. २०१५ नंतर त्याच्या समुद्राकडील बाजूस छिद्रयुक्त काँक्रीटचे साचे रोवून कृत्रिम भित्ती उभारण्यात आली. नैसर्गिक भित्तीचे काम मनुष्याने करण्याचा हा खटाटोप बराच खर्चिक असला, तरी साच्यांमागे गाळ धरून बेटाची धूप मंदावल्याचे आढळले.

खाणकाम थांबले, तरी उष्णतेचे संकट वाढत आहे. उन्हाळ्यात पाण्याचे तापमान नेहमीपेक्षा अधिक वाढून तसेच टिकले, तर प्रवाळ आपल्या ऊतींतील शैवले बाहेर टाकतात व पांढरे पडतात. असे विरंजन १९९८, २०१० व २०१६ मध्ये मोठ्या प्रमाणावर झाले. २०१६ मध्ये जिवंत प्रवाळांचे आच्छादन सु. ३९ टक्क्यांवरून सु. २३ टक्क्यांवर आले. याशिवाय कॅरॅगीनन या पदार्थासाठी किनाऱ्यावर लागवडीस आणलेले कॅपाफायकस हे परदेशी शैवल कुरुसडै बेटाच्या भित्तीवर पसरून जिवंत प्रवाळांना झाकू लागल्याचे २००८ मध्ये नोंदविले गेले.

निर्बंधांचा भार किनाऱ्यावरील गरीब कुटुंबांवर पडतो. आगर व अल्जिनेट यांसाठी लागणारी जेलिडिएला, सरगॅसम ही शैवले गोळा करणाऱ्या स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या बेटांभोवती श्वास रोखून बुड्या मारीत आल्या आहेत. बोटांना चिंध्या गुंडाळून त्या धारदार खडकावरून शैवल खुडतात. उद्यान झाल्यावर हे काम गुन्हा ठरले व पकडल्या गेलेल्यांना दंड भरावे लागले. महिन्यातून ठराविक दिवसच बुडी मारावयाची आणि शैवल मुळाशी उपटावयाचे नाही, असे नियम काही गावांतील स्त्रियांनी आपसात घालून घेतले आहेत. तथापि उद्यानाच्या सीमेत शैवल गोळा करण्यास त्यांना कायद्याने मुभा मिळालेली नाही. [⟶ प्रवाळ, शैवले].