रुमाल सोडताना

जुन्या दप्तराचा रुमाल सोडायचा म्हटलं की घरातलं झाडून सगळं माणूस भोवती गोळा होतं. म्हातारे खुर्ची पुढे ओढतात, सुना दाराशी येऊन उभ्या राहतात, पोरं मोबाईल रोखून बसतात. अपेक्षा एकच असते, शिक्का निघावा. मोठा, गोल, जमलं तर थेट महाराजांचा. राहुरीजवळच्या एका वाड्यात मी लाल खारव्याची गाठ सोडली, वेखंडाचा वास नाकात भरून घेतला, पहिला मोडी कागद उलगडला आणि घसा खाकरून वाचलं: दोन म्हशी, पैकी एक भाकड. त्यानंतर आलेला चहा बिनसाखरेचा होता.

वतनदार घराण्यांची दप्तरं, इतिहासकार राजवाड्यांची भ्रमंती, पेशवे दप्तराची थोरवी हे सगळं आपण वाचलेलं आहे. ते मी पुन्हा सांगत नाही. मी सांगतो ते ट्रंकेचं झाकण उघडल्यावर काय होतं ते.

नोव्हेंबर २०२३ नंतर आम्हा मोडीवाल्यांचा भाव एकदम वधारला. मराठ्यांच्या कुणबी दाखल्यांसाठी नेमलेल्या निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीचं काम राज्यभर सुरू झालं आणि कुणबी नोंदींसाठी जन्म-मृत्यूची जुनी रजिस्टरं, गाव नमुना चौदा, शाळेचे दाखले, जे सापडेल ते बाहेर निघालं. ज्या ओट्यावर मला पूर्वी ‘आम्ही शहाण्णव कुळी’ हे दर अर्ध्या तासाने ऐकवलं जायचं, त्याच ओट्यावर आजोबा आता आवाज खाली करून विचारू लागले, “बघा बरं, कुठं कुणबी लिहिलंय का?” एका घरी सापडलं की! पेढे आले. मग नाव नीट लावून पाहिलं, तर नोंद निघाली बांधाशेजारच्या भाऊबंदाच्या पणजोबांची. आता वंशावळ जुळवणं आलं. तुमचा-आमचा काडीचा संबंध नाही असं कोर्टात वर्षानुवर्षं शपथेवर सांगणारी माणसं दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच भाऊबंदाच्या ओसरीवर बसून मूळ पुरुष एकच कसा, हे पटवत होती.

हे कागद इतकी वर्षं टिकले तरी कशाने? लोक म्हणतात पूर्वजांवरच्या प्रेमाने. मी म्हणतो भीतीने. १८५२च्या कायद्याने मुंबई सरकारचं इनाम कमिशन बसलं आणि घरोघर एकच सवाल आला: जमीन खाताय, आधार दाखवा. ज्याच्याकडे सनद, त्याचं इनाम. नसेल त्याच्या जमिनीवर सारा. ज्यांच्या आजोबांनी एका शब्दावर जमीन कसली होती, त्यांची झोप उडाली. पुढे १८६३च्या कायद्यांनी थोडी जुडी, म्हणजे हलका सारा, भरून प्रकरण मिटवायची वाट निघाली. पण मधल्या काळात गावोगाव कागद शोधले गेले, आणि सापडले नाहीत तिथे, कसं म्हणू, ‘सापडवले’ गेले. एका घराण्याने मला देव्हाऱ्यातून शिवकालीन सनद काढून दाखवली. अक्षर झोकदार, मायना बिनचूक, तारीखही बरोबर. कागद मात्र जरा गुळगुळीत वाटला. जुन्नरचा किंवा दौलताबादचा हातकागद बोटाला असा लागत नाही. उन्हात धरला, तर पोटात विलायती गिरणीचं नाव आणि खाली साल १८४७. मी काही न बोलता तो आजोबांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा पुसून तो अंक दोनदा पाहिला आणि म्हणाले, “बघा, महाराजांची दृष्टी किती लांबची!”

(माझ्या मते तो बनावट कागद खऱ्यापेक्षा मोलाचा आहे. खरी सनद राजाबद्दल सांगते. ही त्या घरातल्या कुणाच्या तरी रात्रीच्या घामाबद्दल सांगते. पण हे तिथे बोलायची सोय नव्हती.)

कागद न मिळणाऱ्या घरांचं ठरलेलं उत्तर असतं: ‘आमचं दप्तर इंग्रजांनी नेलं.’ यावर पूर्वी मी मनात हसायचो. मग कळलं की यात थोडं तथ्य आहे. तपासासाठी जमा झालेले खासगी कागद पुण्याला पेशवे दप्तरात जाऊन पडले आणि तिथे त्यांचा एक वेगळा विभागच आहे, ‘जमाव’ नावाचा. नाव अगदी चपखल. कोण कुणाच्या खांद्याला खांदा लावून बसलंय याचा पत्ता नाही. वतनासाठी पिढ्यानपिढ्या एकमेकांची तोंडं न पाहिलेली घराणी तिथे शेजारशेजारच्या रुमालात निवांत आहेत.

त्याच दप्तराच्या दारात आणखी एक भांडण झालं, विद्वानांचं. वि. का. राजवाडे मंडळी वर्षानुवर्षं सरकारला विनवत होती की कागद बघू द्या. राजवाड्यांनी १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं आणि पुढे स्वतः काढलेल्या मंडळाशी भांडून ते धुळ्याला गेले. १९२६ मध्ये वारलेही. मग १९२९ च्या सुमारास सरकारने दार उघडलं आणि आत घेतलं ते बडोद्याच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या गो. स. सरदेसायांना, तेही बंगालच्या जदुनाथ सरकारांच्या पाठबळाने! पुण्याला हे कसं पचावं? सरदेसायांनी चार-पाच वर्षांत पंचेचाळीस खंड बाहेर काढले. पुणेकर मंडळींनी ते वाचले आणि आत काय काय घ्यायचं राहिलं याची चर्चा सुरू केली.

कागद जातात कसे, हेही पाहिलंय. वेल्समधल्या विन घराण्याच्या वाड्याला १८५८ मध्ये आग लागली आणि ग्रंथालयातली हस्तलिखितं भस्मसात झाली. त्याची हळहळ तिकडे अजून व्यक्त होते. आपल्याकडे एवढ्या मोठ्या आगीची गरज पडत नाही. पाणी तापवायचा बंब पुरतो. एका घरी मी दप्तर पाहायला पोचलो तेव्हा काकू सहज म्हणाल्या, “अहो, मागच्या दिवाळीत आला असता तर! जाडजूड होते ना, छान पेटायचे.” अभ्यंगस्नान झालं होतं तीन पिढ्यांचं, पंधरा पिढ्यांच्या कागदांवर.

गावच्या कागदाचा एक रिवाज सांगून ठेवतो, पुढे उपयोगी पडेल. कागद लिहायचा कुलकर्ण्याने, आणि खाली पाटलाने नांगराची निशाणी उठवायची. लिहिणाऱ्याचा बोरू, ज्याचं गाव त्याचा नांगर. पोळ्याला बैल कुणाचा पुढे, होळीची पोळी आधी कुणाची, यावर दोघांची जुंपायची आणि महजर भरायचे. त्या भांडणाचा कागदही कुलकर्णीच लिहायचा, आणि पाटील त्यावर मुकाट्याने नांगर उठवायचा. आपल्याविरुद्ध काय लिहिलंय हे त्याला वाचता येत होतंच, असं नाही.

आता खरा किस्सा. राहुरी तालुक्यातल्या ताहाराबादला एक कुलकर्णी होता. आडनाव कांबळे, बापाचं नाव दादोपंत, जन्म १७१५ चा. एके दिवशी हा पूजेला बसलेला असताना गावच्या जहागीरदाराचा शिपाई बोलवायला आला. पूजा उरकून येतो म्हटलं, तर शिपाई नको ते बोलला. हा गेला, काम करून दिलं, घरी आला, लेखणी देवापुढे ठेवली आणि शपथ घेतली की यापुढे ही चाकरीसाठी उचलणार नाही. मीही नाही आणि माझ्या वंशातलंही कुणी नाही. पुढच्या पिढ्यांना विचारलं होतं की नाही, याची नोंद नाही. हा कुलकर्णी म्हणजे संतचरित्रकार महिपती.

कीर्तनात गोष्ट इथे संपते आणि टाळ्या पडतात. माझ्यासारख्या दप्तर चाळणाऱ्याला मात्र पुढची गंमत दिसते. महिपतींनी दप्तर सोडलं, पण दप्तराने त्यांना सोडलं का? त्यांचे ग्रंथ उघडा. दामाजीपंतांनी दुष्काळात कोठारं लुटवली, म्हणून प्रत्यक्ष पांडुरंग विठू महार होऊन बेदरला गेला आणि पैसे भरले. झालं ना काम? नाही. देवाने पावती घेतली आणि ती दामाजींच्या पोथीत आणून ठेवली! नरसी मेहतांनी द्वारकेवर हुंडी लिहिली, तर भगवंत सावळशेट होऊन ती वटवतो. एकनाथ रात्र रात्र दिवा लावून काय शोधतात? हिशेबातली एका पैची चूक. आणि ती सापडल्यावर टाळ्या पिटतात. कुलकर्णी नसलेल्या माणसाला हा आनंद कळणं कठीण. तुकोबांनी सावकारीची खतं इंद्रायणीत बुडवली. पण महिपती आधी काय सांगतात, तर भाऊ कान्होबाचा निम्मा हिस्सा त्याला वेगळा काढून दिला. आधी रीतसर वाटणी, मग विसर्जन. आपल्याला स्वप्नात येऊन उपदेश केला तो तुकोबांनीच, असं महिपती स्वतः सांगतात. कुलकर्ण्याने गुरू केला तोसुद्धा खतं बुडवणारा.

आधाराशिवाय लिहायचं नाही, हीसुद्धा दप्तराचीच खोड. भक्तविजयात ते नाभाजींचा आणि उद्धवचिद्घनांचा हवाला देऊन मोकळे होतात, जणू उद्या कुणी कमिशन बसवून विचारणार आहे. शिस्तही तीच. भक्तविजयाचे सत्तावन्न अध्याय, भक्तलीलामृताचे एक्कावन्न, शिवाय संतलीलामृत वेगळं. इनामदारांच्या सनदा कसर खात पडल्या आणि ही पोथी घरोघरच्या पाटावर लागली. जस्टिन ॲबट या अमेरिकन मिशनऱ्याने नरहर गोडबोल्यांच्या साथीने भक्तविजय इंग्रजीत नेला, तो छापून निघाला १९३३-३४ मध्ये. म्हणजे सरदेसायांचे दप्तराचे खंड बाहेर पडत होते, नेमक्या त्याच वर्षांत. एकीकडे दप्तर, दुसरीकडे दप्तर सोडून पळालेला. राहुरीकडच्या वाचकाने कुणाची बाजू घ्यावी, हे सांगायला नको.

ताहाराबादला गेलो की मला त्या भक्तविजयाचा शेवट आठवतो. पोथी पुरी झाली, फलश्रुती झाली, आता लेखणी ठेवावी की नाही? पण हात ऐकेना. शके १६८४, संवत्सराचं नाव, गाव ताहाराबाद, सगळं बिनचूक, कागद बंद करताना लिहितात तसं. फक्त खाली पाटलाचा नांगर तेवढा नाही.