सहा पोरांचं घर

मे महिन्यातली दुपार. डब्यात बेसनाचा एकच लाडू उरलेला आणि तो मागणारे दोघं. पुढे काय झालं ते सांगायला नकोच, तुमच्याही घरी ते होतं. दोन भाग केले तर ‘त्याचा मोठा’, पुन्हा सारखे केले तर ‘तू नेहमी त्याचीच बाजू घेतेस’. शेवटी तो लाडू मी स्वतःच्याच तोंडात टाकला आणि दोघांनाही अंगणात पिटाळलं.

लाडू खाता खाता मला मात्र ती सहा मुलं आठवली. बी. ए.ला मानसशास्त्र होतं तेव्हा बाईंनी वर्गात एका अहवालाबद्दल सांगितलं होतं. पुढे तो मी मिळवून वाचला. अ‍ॅना फ्रॉइड, म्हणजे सुप्रसिद्ध सिग्मंड फ्रॉइड यांची धाकटी मुलगी, आणि त्यांच्या सहकारी सोफी डॅन यांनी तो १९५१ साली प्रसिद्ध केला. मुलांची खरी नावं त्यात दिलेली नाहीत. जॉन, पॉल, पीटर हे तीन मुलगे आणि रूथ, लिआ, मिरियम या तीन मुली, ही अहवालापुरती ठेवलेली नावं.

सगळी मुलं जर्मन भाषा बोलणाऱ्या ज्यू घरांतली, १९४१-४२ साली जन्मलेली. हिटलरच्या राज्यात त्यांचे आईबाप गेले आणि ही तान्ही पोरं तेरेझिनच्या छावणीत येऊन पडली. हे गाव आजच्या चेक प्रजासत्ताकात आहे. तिथे आईविना मुलांचा एक वेगळा वॉर्ड होता. सांभाळणाऱ्या बायका स्वतःच कैदी, अर्धपोटी, थकलेल्या. त्यांतल्या कुणाला कधी पुढच्या छावणीत पाठवतील याचा नेम नसायचा. आज जिने कडेवर घेतलं ती उद्या दिसेलच असं नाही. खेळणी नावाला, फिरायला एक उघडंबोडकं आवार. अशा जागी मूल एखाद्या मोठ्या माणसाला लळा लावून घेणार तरी कसं? कायम दिसणारी माणसं एकच, शेजारच्या खाटेवरची पोरं.

मे १९४५ मध्ये छावणी मुक्त झाली. ऑगस्टमध्ये सुमारे तीनशे मोठ्या मुलांबरोबर ही चिमुरडीही बाँबफेकी विमानांतून इंग्लंडला आली. आधी विंडरमियर इथे, मग ऑक्टोबरमध्ये ससेक्स परगण्यातल्या वेस्ट होथली गावी ‘बुलडॉग्ज बँक’ नावाच्या घरात. घर एका बाईंनी दिलेलं. खर्चाचा भार वर्षभरापुरता अमेरिकेतल्या एका संस्थेने उचलला होता. युद्धात पोरकी झालेली मुलं दुरून ‘सांभाळायला’ घेणाऱ्या पालकांची ती संस्था. देखरेख सोफी आणि गर्ट्रूड या डॅन भगिनींकडे. त्या स्वतः जर्मनीतून जीव वाचवून आलेल्या ज्यू. सगळ्यात मोठा जॉन पावणेचार वर्षांचा, धाकटा पीटर जेमतेम तीन. लिआ काही आठवडे मागाहून आली. तिला गजकर्ण झालं होतं.

आता तुम्हाला वाटेल, इतकं सोसलेली पोरं मायेने गोंजारल्यावर कुशीत शिरली असतील. छे! पहिल्या काही दिवसांतच त्यांनी होती नव्हती ती सगळी खेळणी मोडली आणि बरंचसं फर्निचरही. बायकांना मारायची, चावायची, थुंकायची. ‘बैल कुठला!’ अशा अर्थाची जर्मन शिवी तर ओठावरच. गरज लागली तर ‘तांते’ म्हणजे मावशी म्हणून हाक, आणि काम झालं की ती मावशी जणू तिथे नाहीच.

हीच सहा मुलं एकमेकांशी कशी वागत? ते वाचताना मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसतीच बसले होते.

जेवायला बसली की स्वतःच्या ताटात काय पडलं यापेक्षा शेजाऱ्याला मिळालं का, याची काळजी. आधी शेजाऱ्याच्या हातात द्यायचं, मग आपण खायचं. ‘आता तिची पाळी’ हे मोठ्यांना कधी सांगावं लागलं नाही. फिरायला निघाली की मागे राहिलेल्यासाठी सगळी थांबत. खड्डा आला की हात देत, रानातून जाताना मागच्याला लागू नये म्हणून फांद्या बाजूला धरत, एकमेकांचे कोट उचलून चालत. कडाक्याच्या थंडीत एकाचे हातमोजे हरवले तर दुसऱ्याने आपले काढून दिले आणि आपले हात गारठले म्हणून हूं की चूं केलं नाही. एकजण वरच्या खोलीत राहिला तरी बाकीच्यांना चैन पडत नसे, ‘तो कुठे?’ हा जप सुरू. कुणी पुढारी नव्हता. रुसवेफुगवे, चहाड्या, हेवा जवळजवळ नाहीच.

एकदा त्यांना समुद्रावर नेलं होतं. रूथ पाण्यात खडे फेकत होती. पीटरला लाटांची भीती, तो जवळ जाईना. पण एकाएकी ‘पाणी येतंय, पाणी येतंय’ म्हणून ओरडत तोच धावला आणि रूथला मागे ओढून आणलं. कुत्र्यांना तर सगळीच विलक्षण घाबरत. एक मोठा कुत्रा समोर आला तेव्हा रूथ स्वतः भेदरलेली, पण रडणाऱ्या पीटरजवळ गेली आणि आपला खेळण्यातला ससा तिने त्याच्या हाती दिला.

तीन-साडेतीन वर्षांची पोरं हो ही! आपल्याकडे ‘मानलेला भाऊ’ म्हणतात, ओवाळणी घालून नातं पक्कं करतात. यांना कुणी काही मानायला शिकवलं नव्हतं. आई हा शब्द ज्यांच्यापुढे कधी माणूस होऊन उभा राहिला नाही, त्यांनी एकमेकांतच आई, बाप, भाऊ, बहीण सगळं उभं केलं होतं.

‘बघा, शिका जरा’ म्हणून ही गोष्ट मी आमच्या चिरंजिवांना सांगणार होते. पण अहवालातला पुढचा भाग आठवला आणि गप्प बसले. कारण पुढे काय झालं? हळूहळू मुलांना त्या बायकांची सवय झाली. आधी त्यांनी त्यांना आपल्यातलंच एक धरलं, म्हणजे खाऊ वाटताना त्यांचाही वाटा आहे ना हे पाहायचं. मग एकेकाने आपापली ‘आपली’ बाई निवडली. आणि ती बाई दुसऱ्याला मांडीवर घेऊ लागली की यांचा जळफळाट! म्हणजे लाडू आलाच!

अ‍ॅना फ्रॉइड यांचं म्हणणं असं की घरातली भावंडं भांडतात ती आईबापांच्या प्रेमासाठी. या सहा जणांच्या जगात वाटून घ्यावं असं मोठं माणूसच नव्हतं, मग भांडायचं कशाला? म्हणून ‘तू त्याचीच बाजू घेतेस’ हे ऐकून मला हल्ली पूर्वीइतका संताप येत नाही. ओरडते, पण कमी.

एक मात्र स्पष्ट सांगते. आई नसली की पोरं गुणी होतात, असा अर्थ कुणी काढू नये. ही मुलं सतत अंगठा चोखत, भलत्यासलत्या गोष्टींना भीत, चिडचिडी होती. पण ती वेडी नव्हती, वाया गेलेली नव्हती, मंदबुद्धी तर नव्हतीच. एवढ्या उलथापालथीत ती नवी भाषा, इंग्रजी, शिकली. एकमेकांच्या आधारावर ती तरली, असा अहवालाचा निर्वाळा आहे.

वर्ष संपलं. मुलं सरे परगण्यात लिंगफील्ड इथल्या ‘वेअर कोर्टनी’ या मोठ्या घरात गेली. तिथे बर्लिनहून आलेल्या अ‍ॅलिस गोल्डबर्गर नावाच्या बाई अशा अनेक मुलांचा संसार चालवत होत्या. आणि मग दत्तक घेऊ इच्छिणारी जोडपी येऊ लागली. स्वतःचे आईबाप, स्वतःची खोली, हे कुणाला नको असतं? पण सहाच्या सहा जणांना एकत्र कोण नेणार! सहांतली एक मुलगी लंडनच्या एका जोडप्याकडे गेली. तिचं नाव बदललं आणि पूर्वीचं कुणाला काही सांगायचं नाही अशी ताकीद मिळाली. त्या जोडप्याचा हेतू वाईट नव्हता, पोरीला नव्याने सुरुवात मिळावी एवढीच इच्छा. पण मला राहून राहून वाटतं, तिला घर मिळालं तेव्हाच तिचं एक घर गेलंही. निदान दर सुट्टीत त्या बाकीच्या पाचांना भेटवायला काय हरकत होती?

आपल्याकडे २०१५ च्या बाल न्याय अधिनियमात ‘फोस्टर केअर’ची, म्हणजे मूल दत्तक न घेता घरी सांभाळण्याची, सोय आहे. त्याच्या ४४ व्या कलमात भावंडांना शक्यतो एकत्र ठेवावं असं लिहिलंय. वाचून बरं वाटलं. पण ही भावंडं म्हणजे रक्ताची. ज्यांची खाट शेजारी होती एवढंच नातं, त्यांचं काय? निराधार मूल घरी आणण्याचा विचार करणारी एखादी मैत्रीण हे वाचत असेल, तर तिने संस्थेतल्या बाईंना आवर्जून विचारावं, ‘हा रात्री कुणाशेजारी झोपतो?’

अ‍ॅलिसबाईंनी लग्न केलं नाही. १९७८ साली इंग्लंडमधल्या ‘धिस इज युअर लाइफ’ या टेलिव्हिजन कार्यक्रमात त्यांना अचानक नेऊन बसवलं, आणि त्यांच्या घरात वाढलेली मुलं एकेक करून समोर आली. तोवर ती चांगली मोठी, संसारी झालेली होती. त्याच सुमारास सारा मॉस्कोविट्झ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाई या मुलांना शोधून, घरोघर जाऊन भेटत होत्या. त्यांचं पुस्तक १९८३ मध्ये निघालं. अ‍ॅलिसबाई त्यानंतर तीन वर्षांनी, १९८६ साली वारल्या.