वाडीतला गोठा, घरातला रतीब

वसईच्या पश्चिम पट्ट्यात, निर्मळपासून आगाशीपर्यंतच्या वाड्यांमध्ये, आता मोजकेच गोठे उरले आहेत. मी जिथून दूध घेते तो गोठा केळीच्या वाडीला लागूनच आहे. चार म्हशी, दोन गाई, त्यांची पारडी आणि वासरं. सांभाळायला घरचीच माणसं: काका, काकी आणि त्यांचा मुलगा. पिशवीपेक्षा इथलं दूध महाग का, हे विचारण्याआधी एकदा पहाटे धारेच्या वेळी तिथे जाऊन यावं.

धार काढण्याआधी काकी कोमट पाण्याने कास धुतात, स्वच्छ फडक्याने पुसून कोरडी करतात. मग पारडू सोडतात. त्याने दोन-चार ढुशा दिल्या की म्हैस पान्हा सोडते आणि पारडू बाजूला बांधलं जातं. इथून पुढे हात भरभर चालावे लागतात, कारण पान्ह्याचा जोर जेमतेम पाच-सात मिनिटं टिकतो. अनोळखी माणूस जवळ उभा राहिला तर म्हैस पान्हा चोरते, म्हणून पहिल्या भेटीत मला दाराशीच थांबवलं होतं. प्रत्येक सडाच्या पहिल्या धारा वेगळ्या वाटीत पडतात. त्यात गाठी किंवा रक्ताची छटा दिसली तर दगडीची, म्हणजे कासेच्या आजाराची शंका घ्यायची आणि त्या जनावराचं दूध बाजूला ठेवायचं. शेवटी एक सड पारडासाठी राखलेला असतो. पान्ह्यासाठी सुई टोचायची नाही, हा या घराचा नियम आहे. त्यामुळे पारडू जगवणं हा इथे दुधाच्या धंद्याचाच भाग आहे.

गव्हाणीत भाताचा पेंढा असतो, त्यावर कापलेलं हिरवं गवत. केळीचा घड उतरवला की उरलेल्या खुंटाचे कापही थोडे थोडे घालतात. धारेच्या वेळी आंबोण मिळतं: भिजवलेली सरकी पेंड, तुरीची चुणी, गव्हाचा कोंडा आणि क्षारांचं मिश्रण. पोटापाण्याचा खुराक वेगळा, आणि त्याशिवाय म्हशीच्या दर दोन लिटर दुधामागे साधारण एक किलो खुराक द्यावा लागतो. गवत-खुंट वाडीतून येतात. पेंड, चुणी मात्र रोख पैशाने आणावी लागते. दुधाच्या दरातला मोठा वाटा तिथे जातो.

वाडीने दिलेलं गोठा परत करतो. एक म्हैस दिवसाला वीस किलोच्या आसपास शेण टाकते. पंचवीस किलो शेणातून साधारण एक घनमीटर गोबरगॅस मिळतो आणि दोन घनमीटरमध्ये एका कुटुंबाचा स्वयंपाक होतो. संयंत्रातून निघालेली मळी केळीच्या बुंध्याशी जाते, गोठा धुतलेलं पाणी पाटाने फुलझाडांकडे वळतं. वाडीच्या कडेला बावखल आहे. पावसाचं पाणी साठवून आजूबाजूच्या विहिरींना झिरप देणारं हे वसईचं जुनं तळं. म्हशीच्या अंगाला घाम कमी येतो, काळी कातडी ऊन शोषते. उन्हाळ्यात तिला डुंबायला मिळालं नाही तर दूध उतरतं. बावखल बुजलं की विहीर आणि म्हैस दोघींचीही पंचाईत होते. समुद्राजवळच्या या जमिनीत गोड पाण्याचा अति उपसा झाला तर खारं पाणी आत शिरतं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीने पाण्यासाठी आणि हिरव्या पट्ट्यासाठी जो लढा दिला, त्यात असे गोठेही येतात असं मी मानते.

वसईचं दूध मुंबईने पिढ्यानपिढ्या प्यायलं आहे. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईकडे पहिली लोकल सुटली. पुढे याच रेल्वेमार्गाने इथले दूधवाले किटल्या घेऊन उपनगरांत रतीब घालत. १९४९ मध्ये आरे दूध वसाहत उभी राहिली, नंतर पिशवी आली. २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली आणि इमारती वाड्यांच्या कुंपणापर्यंत पोचल्या. आता गिऱ्हाईक शेजारीच आहे, पण गवताची जागा कमी झाली आहे.

अशा गोठ्याचं दूध घ्यायचं तर रतीब लावावा. म्हैस दहा महिन्यांहून अधिक काळ गाभण असते आणि विण्याआधी सुमारे दोन महिने तिला आटवावं लागतं. त्या काळात ती दूध देत नाही, पण खाते. बऱ्याच म्हशी पावसाळ्यापासून थंडीपर्यंत वितात, त्यामुळे तेव्हा दूध भरपूर आणि उन्हाळ्यात तुटवडा. काकी मला स्पष्ट म्हणाल्या, "पावसाळ्यात दूध जास्त असतं तेव्हा तू रतीब तोडू नकोस, म्हणजे उन्हाळ्यात मी तुला अर्धा लिटर तरी देईन." भाकड जनावर विकायचं की पोसायचं, हे अशाच कायमच्या गिऱ्हाइकांवर ठरतं.

जाताना काही गोष्टी बघाव्यात. जमीन कोरडी आहे का, पारडी तरतरीत आहेत का, कानात बिल्ला आहे का, लाळ्या-खुरकूतची लस वर्षातून दोनदा टोचली जाते का. प्रामाणिक गोठेवाला या प्रश्नांना आनंदाने उत्तर देतो. दूध स्टीलच्या झाकणाच्या डब्यात घ्यावं, घरी पोचताच उकळावं. कच्चं पिऊ नये, ब्रुसेलोसिस आणि क्षयाचे जंतू त्यातून येऊ शकतात. म्हशीच्या दुधात सहा ते आठ टक्के स्निग्धांश असतो, तेव्हा जाड साय येणारच.

दर पटला नाही तर लिटरऐवजी अर्धा लिटर घ्यावं, पण वर्षभर घ्यावं. केळी, विहीर, म्हैस आणि माणूस एकमेकांना धरून उभी आहेत, आणि दूध पिणारा त्या साखळीतला एक आहे. वसईत गोठा राहावा असं ज्यांना वाटतं, त्यांच्या हाती करण्यासारखं सगळ्यात सोपं काम हेच आहे.