जेवल्यावरही शुगर ‘लो’?

पोटभर जेवल्यावर साखर चढते, हे मधुमेहाच्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण जेवून दीड-दोन तास झाल्यावर दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात, तेव्हा ‘आत्ताच तर जेवलात!’ म्हणत घरचे बुचकळ्यात पडतात.

इन्सुलिन घेणाऱ्यांच्या बाबतीत हे घडू शकतं. जेवणाआधी टोचायचं जलद इन्सुलिन पंधराएक मिनिटांत कामाला लागतं, तास-दीड तासात जोरावर येतं आणि त्याचा अंमल तीन ते पाच तास राहतो. अन्न मात्र आपल्या लयीत पचतं. पुरणपोळीवर तुपाची धार पडली की जठर रिकामं व्हायला उशीर लागतो. इन्सुलिन आधी पोचतं, साखर मागून येते. त्यात डोस जास्त झाला किंवा जेवणानंतर लांब फेरी झाली, की भरीला भर. साखर 70 च्या खाली गेली की सावध व्हायचं. 54 च्या खाली धोकाच.

साखरेवर सतत नजर ठेवायला काही जण दंडावर सेन्सर लावतात. पण तो त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो, रक्तातली नव्हे. साखर झपाट्याने उतरत असते तेव्हा त्याचा आकडा काही मिनिटं मागेच असतो. म्हणजे आत्ताच्या आकड्यावर विसंबून भागत नाही, पुढचा अंदाज हवा. 2019 मध्ये दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी 104 जणांच्या सेन्सरनोंदी संगणकाला शिकवल्या: जेवणानंतर साखर किती वेगाने चढली, आता किती वेगाने उतरतेय. दहातले जवळपास नऊ धोके अर्धा तास आधी ओळखता आले.

झकास! पण मेख अशी, की साखर पडण्याचे प्रसंग मुळातच विरळ. त्यामुळे अंदाज थोडा जरी चुकला तरी खोट्या इशाऱ्यांची रास पडते, आणि रात्री-अपरात्री उगाच उठवलेला माणूस शेवटी आवाजच बंद करून टाकतो.

अमेरिकेत 2018 साली मान्यता मिळालेली इन्सुलिन पंपाची ‘बेसल-आयक्यू’ प्रणाली इशाऱ्याच्या एक पाऊल पुढे गेली. अर्ध्या तासात साखर 80 च्या खाली जाणार असं दिसलं की पंप इन्सुलिन सोडणं आपोआप थांबवतो. मात्र जेवणासाठी आधीच शरीरात गेलेला डोस कुठलाही पंप परत ओढून घेऊ शकत नाही.

म्हणून इशारा वाजला की ग्लुकोमीटरने खात्री करा. साखर 70 च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. पेढा नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात पोचायला वेळ लागतो. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना गाठा.