पुस्तक संपलं, आता पुढं काय?

बालमित्रांनो, एखादं जाडजूड पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून संपवलंय का कधी? शेवटचं पान मिटलं की आधी मोठ्ठा आनंद होतो. मग जरा वेळानं रितं रितं वाटू लागतं आणि प्रश्न पडतो, आता काय वाचू? काय शिकू?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला आज आपण शिरूर तालुक्यातल्या न्हावऱ्याहून निघू या. चौफुल्याची वाट धरायची. भीमा नदी ओलांडली की दौंड तालुका सुरू होतो आणि चौफुल्याजवळ केडगाव लागतं. याच केडगावात पंडिता रमाबाईंनी अख्खं बायबल मराठीत आणलं.

बायबल हा ख्रिस्ती लोकांचा धर्मग्रंथ. ‘बायबल’ या शब्दाचं मूळ ग्रीक आणि अर्थ आहे ‘पुस्तकं’. खरंच, ते एक पुस्तक नाहीच. रमाबाईंनी मराठीत आणलेल्या बायबलमध्ये ‘जुना करार’ची ३९ आणि ‘नवा करार’ची २७, अशी ६६ पुस्तकं. कुठं इतिहास, कुठं कायदे, कुठं गाणी, कुठं म्हणी, तर कुठं चक्क पत्रं! एकूण अध्याय ११८९. रोज तीन वाचले, तरी वर्षाहून महिनाभर जास्त लागतो. करा बरं गणित!

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. मुलींना अक्षरओळखही मिळू नये अशा त्या काळात त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं आणि आईनं रमाला. दुष्काळात आईवडील गेले. रमा आणि तिचा भाऊ पायी देशभर फिरले. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी तिची परीक्षा घेऊन ‘पंडिता’ ही पदवी दिली.

तिथंच कुणीतरी या भावंडांना संस्कृतमधलं बायबल दिलं. आता तुम्हाला वाटेल, संस्कृतची एवढी मोठी पंडिता, तिनं ते झटक्यात वाचलं असेल. छे! तिला त्यात काही गोडी वाटेना. ओळखीच्या संस्कृत ग्रंथांपेक्षा त्याची भाषा अगदीच वेगळी. हे वाचणं म्हणजे वेळ घालवणं, असंच त्यांना वाटलं.

पुढं लग्नानंतर आसामात असताना त्यांच्या हाती एक लहानशी बंगाली पुस्तिका पडली. बायबलमधलं लूकचं शुभवर्तमान. ते मात्र त्यांनी आवडीनं वाचलं. बघा हं, मोठा ग्रंथ मोठ्या भाषेत अडला आणि त्याचाच छोटा तुकडा साध्या भाषेत उमगला!

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि तिथं त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यावरून पुण्यात पुष्कळ वाद झाले, टीका झाली. पण त्यांचं शिकणं काही थांबलं नाही. मायदेशी परतल्यावर त्यांनी विधवा मुलींसाठी ‘शारदा सदन’ काढलं, पुढं केडगावला ‘मुक्ती’ उभं केलं. १८९६च्या सुमाराच्या दुष्काळात होरपळलेल्या शेकडो मुली-बायकांना तिथं आसरा मिळाला.

मराठीत बायबल तेव्हाही होतं. पण नुकत्याच वाचायला शिकलेल्या बायकांना त्याची भाषा जड जाई. रमाबाईंच्या मनात आलं, हे यांना कळेल अशा साध्या मराठीत का असू नये? पण भाषांतर करायचं तर मुळातून करायला हवं. जुना करार बहुतेक हिब्रूत, नवा ग्रीकमध्ये. मग काय, पोक्त वयात त्यांनी या दोन्ही भाषांचा कसून अभ्यास केला! पंधरा वर्षांहून अधिक काळ हे काम चाललं. केडगावातच छापखाना होता. मुक्तीतल्या मुलींनीच खिळे जुळवले, पानं छापली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या. काम तोवर पुरं होत आलं होतं. १९२४ साली संपूर्ण ग्रंथ बाहेर पडला.

मग आपल्याला उत्तर काय मिळालं? पुढं काय शिकायचं, ते जिथं आपण अडलो तिथंच सापडतं. रमाबाई भाषेपाशी अडल्या, म्हणून भाषा शिकल्या. तुमच्या घरी बायबल असेल, ज्ञानेश्वरी असेल, कुराण असेल नाहीतर महाभारत. वाचताना जवळ एक वही ठेवा. जिथं अडलं, तिथं प्रश्न लिहा. पुस्तक संपलं की वही उघडा. गावांची नावं अडली? नकाशा घ्या. राजे अडले? इतिहास काढा. शब्द अडले? शब्दकोश उघडा. दहा प्रश्नांतला जो रात्री अंथरुणातही आठवतो, तो एकच निवडा. तोच तुमचा पुढचा अभ्यास.

आणि आईबाबा, एक विनंती तुम्हालाही. मुलांना ‘किती पानं झाली?’ असं रोज विचारू नका. ‘आज कुठं अडलं?’ असं विचारून पाहा. उत्तर तुम्हालाही आलं नाही, तर फारच छान. दोघांनी मिळून शोधा!