मोटारसायकल, थंडी आणि कपड्यांचे थर

डिसेंबर-जानेवारीत सकाळच्या शाळेला मोटारसायकलवरून जाणाऱ्या शिक्षकांना एक अनुभव नेहमी येत असेल. अंगणात उभे असताना एका स्वेटरवर भागते. गाडी रस्त्याला लागली, की तोच स्वेटर असून नसल्यासारखा होतो. हवेचे तापमान तर बदललेले नसते. मग फरक कशामुळे पडतो?

आपल्या शरीराचे आतील तापमान सुमारे ३७ अंश सेल्सिअस असते. बाहेरची हवा १० अंशांवर असेल तर उष्णता शरीराकडून हवेकडे जाणारच. मात्र त्वचेलगतचा हवेचा पातळ थर तापतो आणि तो जागेवर राहिला तर पांघरुणाचे काम करतो. कारण स्थिर हवा उष्णतेची अतिशय मंद वाहक आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणे म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर वेगाच्या वाऱ्यात उभे राहणे. हा वारा तापलेला थर सतत उडवून लावतो आणि शरीराला दर क्षणी नवी थंड हवा तापवावी लागते.

वाऱ्याचा हा परिणाम मोजण्याचा प्रयत्न सायपल आणि पासेल या अमेरिकन संशोधकांनी अंटार्क्टिकावर केला. प्लॅस्टिकच्या नळकांड्यातील पाणी निरनिराळ्या वाऱ्यात किती वेळात गोठते, हे त्यांनी पाहिले. २००१ साली अमेरिका व कॅनडाने स्वीकारलेल्या सुधारित सूत्रात ताशी ६० किलोमीटर वारा घातला, तर १० अंशांची हवा उघड्या चेहऱ्याला सुमारे ५ अंशांसारखी आणि ५ अंशांची हवा शून्याखाली २ अंशांसारखी भासते. निफाडसारख्या ठिकाणी पारा कधी कधी ५ अंशांच्याही खाली जातो, हे लक्षात घ्या. येथे विद्यार्थ्यांचा एक गैरसमज दूर करावा. वाऱ्यामुळे उष्णता लवकर जाते. पण कोरडी वस्तू हवेच्या तापमानापेक्षा थंड होत नाही. उभ्या गाडीचे इंजिन वाऱ्यात लवकर निवेल, पण १० अंशांच्या खाली जाणार नाही.

आता कपड्यांकडे वळू. स्वेटर स्वतः उष्णता निर्माण करत नाही. लोकरीच्या तंतूंमध्ये अडकलेली हवा हेच त्याचे खरे अस्तर. विणीच्या छिद्रांतून वारा आत शिरला, की ही हवा निघून जाते. म्हणून स्वेटरवर वारा अडवणारा थर हवा. रेक्झिनचे जाकीट, विंडचीटर, अगदी साधा रेनकोटही चालतो. अंगालगतचा थर घाम टिपून बाहेर सोडणारा असावा. सुती बनियन घाम धरून ठेवते. पाणी स्थिर हवेच्या सुमारे २४ पट उष्णता वाहून नेते. शिवाय एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेतो. म्हणून आत घाम टिपणारा, मध्ये हवा धरणारा आणि बाहेर वारा अडवणारा, असा थरांचा क्रम असतो. कपडे फार घट्ट असले तर अडकलेली हवाच दाबली जाते आणि थर वाढवूनही ऊब वाढत नाही.

हा प्रश्न केवळ हुडहुडीचा नाही. छाती-पोट गार पडू लागले, की शरीर आतील अवयवांची उष्णता राखण्यासाठी हातापायांकडील रक्तवाहिन्या आकुंचित करते. बोटे बधिर होतात आणि ब्रेकची व क्लचची मूठ दाबायला उशीर होतो. ताशी ६० किलोमीटर वेगाला एका सेकंदाचा उशीर म्हणजे गाडी १७ मीटर पुढे. त्यामुळे हातमोजे चांगले असूनही बोटे गारठत असतील, तर छातीवरचे थर तपासावेत. बोटे बधिर झाली तर गाडी थांबवून हात काखेत धरून ऊब आणावी. मफलरचे किंवा शालीचे टोक मोकळे सोडू नये. ते चाकात किंवा साखळीत अडकू शकते.

वर्गात एक प्रयोग करता येईल. सारखे पाच पेले घ्या. एक उघडा ठेवा, दुसऱ्याला लोकरीचे कापड, तिसऱ्याला लोकर व तिच्यावर प्लॅस्टिकची पिशवी, चौथ्याला आधी पिशवी व तिच्यावर लोकर, आणि पाचव्याला ओले सुती कापड गुंडाळा. सर्वांत सारखेच गरम पाणी ओता, झाकणे ठेवा आणि पेले टेबलपंख्यासमोर सारख्या अंतरावर मांडा. दर पाच मिनिटांनी तापमान नोंदवून आलेख काढा. पंखा बंद करून प्रयोग पुन्हा करा. तिसऱ्या आणि चौथ्या पेल्यातील फरक दोन्ही वेळी सारखाच येतो का, हे मुलांनाच पाहू द्या.

मग त्यांना एक प्रश्न विचारा: थंडीत पुष्कळ मोटारसायकलस्वार जाकीट उलटे, म्हणजे साखळी पाठीकडे येईल असे घालतात. का बरे?