बरी झालेली टर्की

टर्कीच्या डोळ्याखाली फुगवटा आला, नाक वाहू लागलं, श्वासाला घरघर लागली, की बहुधा तो मायकोप्लाझ्मा हा जंतू असतो. त्याच परसातल्या कोंबड्या तो बऱ्याचदा सोसतात. टर्कीला मात्र लोळवतो. आजारी पक्षी वेगळा करा, ओलं तूस काढा. त्यातल्या अमोनियानं छाती आणखी बिघडते. टायलोसिन पशुवैद्याला विचारूनच, सगळ्यांना पाण्यातून द्या. ते सांगतील तितके दिवस अंडी-मांस वर्ज्य. पक्षी पटापट मरू लागले तर मात्र गुरांच्या दवाखान्यात कळवा. २००६ मध्ये नवापूरच्या कोंबड्यांत बर्ड फ्लू निघाला होता.

सूज उतरली म्हणून जंतू जात नाही. अंड्यातून पिलातही उतरतो. गिऱ्हाइकाला हे दिसत नाही, म्हणूनच बरी झालेली टर्की विकणं मला पटत नाही. आमच्या दोघी परसातच आहेत. अंडी खातो, उबवायला देत नाही. शेजारीण रुसली आहे, रुसू दे.